बीटीआरएफएसमधली डिस्कची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सच्या डिस्ट्रोंपैकी ओपनसुसेने २०१४ पासून आणि फेडोरा वर्कस्टेशनने २०२० मध्ये ३३व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था) मूळ निवड म्हणून द्यायला सुरुवात केली. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलेल्या कितीतरी जणांच्या लॅपटॉपवर त्यामुळे ती आपोआप आली. डिस्क भरत आली की त्यांच्याकडून जे प्रश्न येतात, ते साधारण सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बीटीआरएफएसमध्ये ‘किती जागा शिल्लक आहे’ एवढंच विचारून भागत नाही, ‘शिल्लक आहे ती कुठल्या पातळीवर’ हे विचारावं लागतं.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.

१. बीटीआरएफएस जागा वाटते तरी कशी? ईएक्सटी४ पेक्षा वेगळं काय आहे?

ईएक्सटी४ या लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये ४ केआयबीचे ब्लॉक असतात (१ केआयबी म्हणजे १०२४ बाइट; एमआयबी आणि जीआयबी ही १०२४ च्या पटीतली पुढची मापं). फाइल लिहायची म्हटली की मोकळे ब्लॉक शोधायचे आणि भरायचे. आयनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीच्या नोंदीची, जागा फॉरमॅट करतानाच बाजूला काढलेली असते.

बीटीआरएफएसमध्ये वाटप दोन टप्प्यांत होतं. आधी कोऱ्या डिस्कवरून एक मोठा तुकडा घेतला जातो. त्याला चंक म्हणतात (ब्लॉक ग्रुप हे नावही दिसेल, रोजच्या वापरापुरता दोन्हींत फरक करायची गरज नाही). चंक घेतानाच ठरतं की त्यात डेटा राहणार की मेटाडेटा (यांचा अर्थ प्रश्न २ मध्ये). मग दुसऱ्या टप्प्यात त्या चंकच्या आत फाइलींना लागेल तशी जागा मिळते, आणि या आतल्या तुकड्यांना एक्स्टेंट म्हणतात.

हे जमिनीच्या वापरासारखं आहे. गावात जमीन भरपूर मोकळी असेल, पण ती सगळी आधीच निवासी म्हणून नोंदलेली असेल तर तिथे शेतीची परवानगी मिळत नाही. डेटासाठी घेतलेल्या चंकमध्ये कितीही जागा रिकामी असली, तरी मेटाडेटाला तिथे पाय ठेवता येत नाही. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ यात आहे.

२. हे चंक केवढे असतात? आणि डेटा, मेटाडेटा, सिस्टीम असे तीन प्रकार कशाला?

डेटाचा चंक सहसा १ जीआयबीचा असतो. मेटाडेटाचा चंक ५० जीआयबीपर्यंतच्या फाइल सिस्टीमवर २५६ एमआयबीचा आणि त्याहून मोठीवर १ जीआयबीचा. सिस्टीम चंक काही एमआयबींचाच असतो. कुठला चंक कुठल्या डिस्कवर आहे याची नोंद त्यात राहते. त्याच्याकडे सहसा लक्ष द्यावं लागत नाही.

डेटा म्हणजे फाइलींचा मजकूर. मेटाडेटा म्हणजे फाइलींची नावं, फोल्डर, परवानग्या, चेकसम (मजकूर बिघडला का ते तपासायचे आकडे) आणि कुठला एक्स्टेंट कुणाचा याचा सगळा हिशेब. शिवाय अगदी छोट्या फाइली, मूळ सेटिंगमध्ये २०४८ बाइटपर्यंतच्या, थेट मेटाडेटामध्येच ठेवल्या जातात. म्हणून ज्याच्याकडे लाखो बारक्या फाइली आहेत, उदाहरणार्थ जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमधली नोड मॉड्यूल्सची फोल्डरं, त्याचा मेटाडेटा अपेक्षेपेक्षा फार फुगतो.

एका डिस्कवर मेटाडेटा बहुधा डीयूपी पद्धतीने, म्हणजे दोन प्रतींत, लिहिला जातो. हार्ड डिस्कवर हे आधीपासून होतं. एसएसडीवर २०२१ च्या अखेरीस आलेल्या ५.१५ आवृत्तीच्या टूल्सपासून फॉरमॅट करताना मूळ निवड म्हणून आलं. त्यामुळे १ जीआयबीचा मेटाडेटा चंक घेतला की डिस्कवरून २ जीआयबी कमी होतात.

३. ‘डीएफ’ एक आकडा सांगतो आणि बीटीआरएफएसची कमांड दुसरा. खरं कोण?

दोघंही खरं सांगतात, पण ‘डीएफ’ या लिनक्सच्या साध्या जागा-मोजणी कमांडला एकाच ओळीत उत्तर द्यायचं असतं आणि बीटीआरएफएसची परिस्थिती एका ओळीत मावत नाही. ‘डीएफ’ जो मोकळा आकडा दाखवतो तो अंदाज असतो: डेटा चंकमधली रिकामी जागा, अधिक अजून कोणालाच न दिलेल्या जागेतून जेवढा डेटा लिहिता येईल ती.

ही कमांड पाठच करून ठेवा:

सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम युसेज /

यात सगळ्यात आधी ‘डिव्हाइस अनअलोकेटेड’ ही ओळ पाहा. कोणत्याही चंकमध्ये न गेलेली, खरोखर कोरी जागा ती हीच. नंतर डेटा आणि मेटाडेटा या दोन ओळींत ‘साइज’ (म्हणजे घेतलेले चंक) आणि ‘युज्ड’ (त्यांच्या आत भरलेलं) यांतलं अंतर पाहा. हे तीन आकडे कळले की डिस्कची तब्येत कळते.

४. १ टीबीची डिस्क घेतली आणि ९३१ दिसतात. बीटीआरएफएसने ६९ जीबी खाल्ले का?

नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतक्या बाइट मोजतात. बीटीआरएफएसची टूल्स १०२४ च्या पटीत, जीआयबीमध्ये मोजतात. तीच डिस्क त्या मापात ९३१ जीआयबी भरते. जागा तेवढीच आहे, माप वेगळं आहे.

५. ५७ जीबी मोकळे दिसतात, तरी अपडेट करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. हे कसं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि माणसाला सगळ्यात घाबरवणारा प्रश्न हा. नेहमी दिसणारं चित्र असं असतं, २५६ जीबीच्या एसएसडीवर:

डिव्हाइस साइज: २३६.०२ जीआयबी
डिव्हाइस अनअलोकेटेड: १ एमआयबी
डेटा, सिंगल: साइज २२८ जीआयबी, युज्ड १७१ जीआयबी
मेटाडेटा, डीयूपी: साइज ४ जीआयबी, युज्ड ३.५० जीआयबी
ग्लोबल रिझर्व्ह: ५१२ एमआयबी, युज्ड ०

डेटाची ओळ वाचली तर २२८ वजा १७१, म्हणजे ५७ जीआयबी रिकामे. अपडेटला त्याचा दहावा हिस्साही नको असतो. पण आता मेटाडेटाकडे पाहा. ४ पैकी ३.५० भरलेत आणि उरलेला अर्धा जीआयबी ग्लोबल रिझर्व्हने अडवून ठेवलाय (प्रश्न ८ पाहा). म्हणजे मेटाडेटा पूर्ण भरला. नवा मेटाडेटा चंक हवा, त्याला दोन प्रतींसाठी २ जीआयबी कोरी जागा हवी, आणि कोरी जागा आहे १ एमआयबी.

अपडेट म्हणजे हजारो छोट्या फाइली बदलणं, आणि बीटीआरएफएस कुठलाही बदल जुन्या जागेवर करत नाही. नवी प्रत दुसरीकडे लिहिते आणि मग जुनी सोडते. या पद्धतीला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. प्रत्येक बदलाला थोडा नवा मेटाडेटा लागतोच. तो लिहायला जागा नाही म्हटल्यावर ५७ जीआयबी असूनही काम अडतं.

अशी वेळ येते कशी? डिस्क एकदा जवळजवळ पूर्ण भरली की बहुतेक सगळी जागा डेटा चंकांकडे जाते. नंतर तुम्ही पसारा आवरला, फाइली काढल्या, तरी प्रत्येक चंकमध्ये काही ना काही उरलेलं असतं. पूर्ण रिकामा झालेला चंक लिनक्स ३.१८ पासून कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःहून परत करतो, पण अर्धवट भरलेला चंक तसाच डेटाच्या नावावर राहतो.

काहींना याच अवस्थेत ‘डीएफ’मध्ये उलटं दिसतं: वापर पाऊणच आणि तरी ‘अव्हेलेबल’ थेट शून्य. ही ‘डीएफ’ची चूक समजू नका. मेटाडेटा संपला आणि नवा चंक घेता येत नाही, हे सांगण्याचा कर्नलकडे तेवढाच मार्ग आहे. नव्या टूल्सच्या ‘युसेज’मध्ये यासाठी ‘फ्री (स्टॅटएफएस, डीएफ)’ अशी वेगळी ओळ असते.

६. मी आत्ता याच अवस्थेत अडकलोय. बाहेर कसं पडू?

उद्देश एकच ठेवा: निदान दोन-तीन डेटा चंक पूर्ण रिकामे करून ती जागा कोरी करून घेणं. त्यासाठीची कमांड बॅलन्स:

सुडो बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट -डीयुसेज=५ /

याचा अर्थ, ५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले डेटा चंक निवड, त्यातला मजकूर इतर डेटा चंकांच्या रिकाम्या जागेत हलव आणि मोकळा झालेला चंक परत कर. काहीच हाललं नाही तर १०, मग २०, मग ३० असं चढत जा. सुरुवातीलाच मोठा आकडा देऊ नका. कमी भरलेला चंक हलवायला काम कमी आणि मेटाडेटाही कमी लागतो. या क्षणी तुमच्याकडे नेमका तोच नाही.

बॅलन्सही ‘नो स्पेस’ म्हणून थांबला तर काही फाइली काढून पाहा, पण स्नॅपशॉटमध्ये (फाइलींची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) अडकलेल्या फाइली काढून काही हाती लागत नाही (प्रश्न ९). जुने स्नॅपशॉट काढणं सहसा जास्त उपयोगी पडतं, कारण त्यांच्याबरोबर मेटाडेटाही सुटतो.

तरीही अडलं तर शेवटचा आणि खात्रीचा उपाय म्हणजे तात्पुरती दुसरी डिस्क जोडणं. १६ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह पुरतो. ‘बीटीआरएफएस डिव्हाइस ॲड’ने तो याच फाइल सिस्टीममध्ये घाला (त्यावरचं सगळं जाईल), वरचा बॅलन्स चालवा, आणि मूळ डिस्कवर पुरेशी कोरी जागा दिसायला लागली की ‘बीटीआरएफएस डिव्हाइस रिमूव्ह’ने तो बाहेर काढा. रिमूव्ह पूर्ण होऊन प्रॉम्प्ट परत आल्याशिवाय पेनड्राइव्हला हात लावू नका. दरम्यान मेटाडेटाचे नवे चंक त्याच्यावर गेलेले असू शकतात. तो उपसला तर अख्खी फाइल सिस्टीम माउंट होणार नाही, म्हणजे उघडणारच नाही. याच कारणासाठी रॅममध्ये बनवलेली डिस्क वापरायचा सल्ला कुठे वाचलात तरी तो पाळू नका. मध्येच वीज गेली तर सगळं गेलं.

फाइल सिस्टीम ‘रीड-ओन्ली’ झाली असेल तर ती एकदा अनमाउंट करून पुन्हा माउंट करावी लागते. रूट पार्टिशन असेल तर लाइव्ह यूएसबीवरून करा. अर्धवट राहिलेला बॅलन्स माउंट होताच पुन्हा सुरू होऊन पुन्हा अडवत असेल, तर ‘स्किप बॅलन्स’ हा माउंट पर्याय द्या.

७. मग बॅलन्स दर आठवड्याला चालवत राहू का?

छोटा, गाळणी लावलेला बॅलन्स अधूनमधून चालवायला हरकत नाही. डीयुसेज १० ते ३० च्या दरम्यान ठेवा. ओपनसुसेवर ‘बीटीआरएफएस मेंटेनन्स’ नावाचं पॅकेज हे काम वेळापत्रकानुसार करतं. पण काहीच पर्याय न देता पूर्ण बॅलन्स चालवू नका. तो डिस्कवरचा प्रत्येक चंक नव्याने लिहितो. मोठ्या हार्ड डिस्कवर दिवस जातात, एसएसडीवर विनाकारण लिखाण होतं आणि हाती काही येत नाही.

मेटाडेटावर नियमित बॅलन्स तर नकोच. पुष्कळजण डीयुसेजबरोबर एमयुसेजही (मेटाडेटासाठीची तशीच गाळणी) देतात, कारण तशी उदाहरणं जुन्या लेखांत सर्रास सापडतात. त्याने मेटाडेटाचे चंक घट्ट भरले जातात आणि त्यांच्यातली सैल जागा डेटाकडे जाते. म्हणजे प्रश्न ५ मधली अवस्था आपणच जवळ आणतो. मेटाडेटामध्ये थोडी रिकामी जागा असणं चांगलं लक्षण आहे, तिला वाया गेलेली समजू नका.

किती कोरी जागा ठेवावी, असंही विचारलं जातं. एका डिस्कवर डीयूपी असेल तर एका मेटाडेटा चंकलाच २ जीआयबी लागतात, तेव्हा त्याखाली कधीच जाऊ नये. माझ्या मते लॅपटॉपवर ‘अनअलोकेटेड’ ५ ते १० जीआयबीच्या खाली आलं की बॅलन्सचा विचार करावा, त्याआधी नाही.

८. ग्लोबल रिझर्व्ह काय आहे? तो कमी करता येतो का?

मेटाडेटाच्या चंकांमधून बाजूला काढलेली आणीबाणीची जागा, जास्तीत जास्त ५१२ एमआयबी. फाइल काढायची तरी कॉपी-ऑन-राइटमुळे आधी थोडं लिहावं लागतं. डिस्क काठोकाठ भरल्यावर निदान काही काढता यावं म्हणून ही तजवीज असते. ईएक्सटी४ मध्ये रूटसाठी ५ टक्के जागा राखून ठेवतात, पण ती सेटिंग बदलून कमी करता येते. इथे तसा पर्याय नाही आणि तो नाही हेच बरं.

‘युसेज’मध्ये ग्लोबल रिझर्व्हपुढचं ‘युज्ड’ नेहमी शून्य असायला हवं. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा टिकून दिसला तर नवीन काही लिहायच्या आधी प्रश्न ६ कडे वळा.

९. १२ जीबीचा व्हिडिओ डिलीट केला, ट्रॅशही रिकामं केलं. जागा वाढलीच नाही.

बहुतेक वेळा कारण स्नॅपशॉट असतं. स्नॅपशॉट घेताना काही कॉपी होत नाही; त्या क्षणी असलेल्या सगळ्या एक्स्टेंटवर तो फक्त आपलाही हक्क नोंदवतो. तुम्ही फाइल काढलीत म्हणजे तुमचा हक्क सोडलात. स्नॅपशॉटचा हक्क आहे तोवर जागा सुटत नाही. ओपनसुसेवर स्नॅपर प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट घेतं, लिनक्स मिंटवर टाइमशिफ्ट वेळापत्रकाने घेऊ शकतं. म्हणजे ‘मी कधीच स्नॅपशॉट घेतला नाही’ हे सांगण्याआधी ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम लिस्ट’ चालवून बघा.

कायमचा उपाय असा: ज्या फोल्डरमध्ये मोठ्या फाइली येत-जात राहतात (डाउनलोड, कॅश, व्हर्च्युअल मशीन), ते फोल्डर स्वतंत्र सबव्हॉल्यूम (ज्याचा स्नॅपशॉट वेगळा घेता येतो असा फाइल सिस्टीमचा स्वतंत्र भाग) करा. वरच्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट आतल्या सबव्हॉल्यूममध्ये शिरत नाही, त्यामुळे तिथे काढलेली फाइल खरोखर जाते.

स्नॅपशॉट नसतील तर एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवली आहे का ते पाहा. हे कुठल्याही फाइल सिस्टीमवर होतं. तो प्रोग्राम बंद झाला की जागा सुटते.

१०. कुठला स्नॅपशॉट किती जागा खातोय ते कसं कळेल?

फोल्डरचा आकार मोजणाऱ्या साध्या ‘डीयू’ने कळणार नाही, कारण तो सामाईक जागा प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये पुन्हा पुन्हा मोजतो. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम डीयू -एस’ वापरा. त्यात ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणून जो आकडा येतो, तेवढा डेटा फक्त त्या स्नॅपशॉटकडेच आहे.

पण यात एक फसगत आहे. समजा वरचा १२ जीबीचा व्हिडिओ सोमवार आणि मंगळवार अशा दोन स्नॅपशॉटमध्ये आहे आणि बाकी कुठेच नाही. तो दोघांत सामाईक असल्याने दोघांच्याही एक्सक्लुझिव्हमध्ये त्याचा एक बाइटही दिसणार नाही. सोमवारचा काढला तरी काही मिळणार नाही. मंगळवारचाही काढलात की १२ जीबी एकदम सुटतील. म्हणून एक्सक्लुझिव्हचे आकडे बेरीज करून ‘इतकी जागा मिळेल’ असा हिशेब मांडू नका. प्रत्यक्षात सगळ्यात जुन्यापासून सलग काढत येणं हाच शहाणपणाचा मार्ग.

११. कोटा चालू केला तर हा हिशेब आपोआप मिळेल ना?

मिळेल, पण किंमत मोजावी लागते. कोटा ग्रुप (सबव्हॉल्यूमनुसार जागेचा हिशेब ठेवणारी सोय) चालू असताना प्रत्येक बदलाला कुणाकुणाचा हक्क आहे हे शोधावं लागतं. स्नॅपशॉट डझनावारी असतील तर स्नॅपशॉट काढताना आणि बॅलन्स करताना मशीन अक्षरशः खोळंबतं. घरच्या लॅपटॉपवर कोटा बंद ठेवा. ६.७ कर्नलपासून ‘सिंपल कोटा’ आला आहे. तो एक्स्टेंट ज्या सबव्हॉल्यूमने पहिल्यांदा लिहिला त्याच्याच खात्यावर टाकतो, म्हणून हलका आहे. सामाईक आणि स्वतःचं असा भेद मात्र तो सांगत नाही.

१२. स्नॅपशॉट काढला, तरी जागा लगेच का दिसत नाही?

काढण्याचं काम मागे सावकाश चालतं. कमांड ताबडतोब परत येते, साफसफाई नंतर होते. ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम सिंक’ चालवलं तर ती पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. मगच ‘युसेज’ पाहा.

१३. एकही स्नॅपशॉट नाही, तरी काही फाइली त्यांच्या आकारापेक्षा जास्त जागा घेतात. हे शक्य आहे?

शक्य आहे, आणि हे समजलेले लोक फार कमी आहेत. एक्स्टेंट कमाल १२८ एमआयबीचा असतो. बीटीआरएफएस एक्स्टेंटचा थोडासा भाग सोडून देऊ शकत नाही. त्यातला शेवटचा वापरात असलेला तुकडा जाईपर्यंत तो अख्खा राहतो. १२८ एमआयबीची फाइल एका एक्स्टेंटमध्ये आहे असं धरा. तुम्ही तिचे १२७ एमआयबी नव्याने लिहिले. ते दुसरीकडे गेले. जुन्या एक्स्टेंटमधला १ एमआयबी अजून फाइलमध्ये आहे, म्हणून जुने १२८ तसेच राहिले. फाइल १२८ ची, डिस्कवर २५५.

मधेमधे सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइलींत, म्हणजे डेटाबेस, व्हर्च्युअल मशीनच्या इमेज, टॉरेंट यांत हे दिसतं. ‘कॉम्पसाइझ’ नावाचं छोटं टूल त्या फाइलवर चालवा. ‘डिस्क युसेज’ हा आकडा ‘रेफरन्स्ड’पेक्षा बराच मोठा असेल तर निदान पक्कं. फाइल नव्याने लिहून काढली (डीफ्रॅग, किंवा रीफ्लिंक, म्हणजे तेच एक्स्टेंट वाटून घेणं, न करता केलेली कॉपी) की जागा परत मिळते. डीफ्रॅग करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

१४. डीफ्रॅग केला आणि डिस्क आणखीच भरली!

डीफ्रॅग फाइल नव्या सलग जागेत लिहितो, आणि स्नॅपशॉटकडे जुनी प्रत राहते. जे आतापर्यंत सामाईक होतं त्याच्या दोन वेगळ्या प्रती झाल्या. अख्ख्या होम फोल्डरवर डीफ्रॅग चालवला आणि त्याचे स्नॅपशॉट असतील, तर वापर जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. ज्या फाइलींचं दुखणं प्रश्न १३ मधलं आहे, तेवढ्यांवरच आणि जुने स्नॅपशॉट काढल्यावरच डीफ्रॅग करा.

१५. कम्प्रेशनने खरंच जागा वाचते का? मराठी मजकुरावर किती उपयोग?

मजकूर, प्रोग्राम, लॉग यांवर नक्की वाचते. फोटो, व्हिडिओ आणि झिप आधीच दाबलेले असतात; त्यांच्यावर बीटीआरएफएस थोडा प्रयत्न करून सोडून देते. फेडोरा ३४ पासून नव्या इन्स्टॉलवर झेडएसटीडी पद्धतीचं कम्प्रेशन पहिल्या स्तरावर चालूच असतं.

देवनागरीला याचा विशेष फायदा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, ३ बाइट घेतं. त्या तीनांतली पहिली बाइट नेहमी तीच असते आणि दुसरी ठरावीक दोनांपैकी एक. म्हणजे प्रत्येक चिन्हाचा दोन तृतीयांश भाग जवळजवळ ठरलेलाच आहे, आणि दाबायला याहून सोपा मजकूर मिळणं कठीण. युनिकोड मराठीत साध्या मजकूर फाइली, स्कॅनवरून टाइप केलेली पुस्तकं किंवा शब्दकोशांचा डेटा साठवणाऱ्यांनी कम्प्रेशन जरूर चालू करावं.

माउंट पर्याय दिल्यावर फक्त पुढे लिहिलेल्या फाइली दाबल्या जातात. जुन्या दाबायच्या तर डीफ्रॅगलाच कम्प्रेशनचा पर्याय द्यावा लागतो, आणि तिथे प्रश्न १४ लागू. ‘डीयू’ न दाबलेला आकार सांगतो. खरा आकार ‘कॉम्पसाइझ’मध्ये दिसतो.

१६. व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेससाठी कॉपी-ऑन-राइट बंद करावं का?

रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +सी’ लावून मग त्यात फाइली तयार केल्या, तर त्या जागच्या जागी लिहिल्या जातात आणि प्रश्न १३ ची गळती थांबते. आधीपासून भरलेल्या फाइलवर ते लावून उपयोग नाही. त्याबरोबर चेकसम आणि कम्प्रेशन दोन्ही जातात. डिस्कने चुकीची बाइट परत दिली तर बीटीआरएफएसला कळणारही नाही. महत्त्वाच्या डेटाबेससाठी मी हा सौदा करणार नाही. पुन्हा बनवता येणाऱ्या मशीनच्या इमेजसाठी खुशाल करा. आणि स्नॅपशॉट घेतलात तर त्यानंतरचं प्रत्येक पहिलं लिखाण पुन्हा नव्या जागीच होतं.

१७. ‘डीएफ -आय’ शून्य आयनोड दाखवतो. काही बिघडलंय?

नाही. बीटीआरएफएस आयनोड गरजेप्रमाणे मेटाडेटामध्ये बनवते, ठरलेली संख्या नसते. इथे आयनोड संपत नाहीत, मेटाडेटा संपतो.

१८. रेड१ मध्ये ४ टीबी आणि २ टीबी अशा दोन डिस्क आहेत. वापरायला किती मिळेल?

२ टीबी. रेड१ म्हणजे प्रत्येक चंकच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. छोटी डिस्क भरली की मोठीवरच्या उरलेल्या २ टीबीला जोडीदार नाही. ‘डीएफ’चा ‘साइज’ एकूण कच्च्या जागेला २ ने भागून ३ टीबी दाखवतो. तिकडे लक्ष देऊ नका, ‘अव्हेलेबल’ पाहा. आणखी एक २ टीबीची डिस्क घातली तर मात्र सगळी जागा उपयोगात येते आणि ४ टीबी मिळतात. नियम सोपा आहे: सगळ्यात मोठी डिस्क बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठी नसेल तर एकूण जागेच्या निम्मी मिळते, नाहीतर बाकीच्यांच्या बेरजेइतकीच.

१९. ४ टीबीच्या दोन डिस्क रेड१ मध्ये भरल्या, म्हणून तिसरी ४ टीबीची जोडली. ती पूर्ण रिकामी आहे, तरी ‘नो स्पेस’!

जुन्या दोन्ही डिस्कवर कोरी जागा नाही आणि नव्या चंकला दोन डिस्क लागतात. एकट्या रिकाम्या डिस्कचा काही उपयोग होत नाही. इथे डेटावर मोठा बॅलन्स चालवणं योग्यच आहे (प्रश्न ७ मधला इशारा या वेळेला लागू नाही), म्हणजे जुने चंक तिन्ही डिस्कवर पसरतील. तिसरी डिस्क जुन्या दोन काठोकाठ भरायच्या आत जोडली असती तर हे काम फार सोपं गेलं असतं, म्हणून रेड१ वाल्यांनी ८०-८५ टक्क्यांनाच नव्या डिस्कची सोय बघावी.

२०. स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची फाइल) ठेवता येते का?

लिनक्स ५.० पासून येते, पण कॉपी-ऑन-राइट आणि कम्प्रेशन बंद असलेली आणि एकाच डिस्कवर. नव्या टूल्समधलं ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल’ हे सगळं नीट लावून देतं. ती स्वतःच्या वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये ठेवा. चालू स्वॅप फाइल असलेल्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेता येत नाही. ती ज्या चंकमध्ये आहे तो चंक बॅलन्सही हलवत नाही, स्वॅप बंद करावा लागतो.

२१. पार्टिशन लहान करून विंडोजला जागा द्यायची आहे. आधी काय करू?

आधी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम रिसाइझ’ने फाइल सिस्टीम लहान करा, नंतर पार्टिशन. वाढवताना उलट: आधी पार्टिशन, मग ‘रिसाइझ मॅक्स’. दोन्ही माउंट असतानाच होतं. लहान करताना शेवटच्या भागातले चंक पुढे हलवावे लागतात, म्हणून कोरी जागा कमी असेल तर प्रश्न ६ मधला बॅलन्स आधी करून घ्या. नव्या पार्टिशनची सीमा फाइल सिस्टीमच्या नव्या आकाराच्या थोडी पुढेच ठेवा, आणि सगळं झाल्यावर ‘रिसाइझ मॅक्स’ देऊन तो उरलेला काठ भरून घ्या.